गव्हाणीतले भांडवल आणि कानातली गोळी

दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो गाय-वासरासाठी. वसुबारसेच्या संध्याकाळी पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतूनसुद्धा बायका तबक घेऊन गायीची वाट पाहत उभ्या दिसतात. गाय मिळाली नाही, तर पाटावर मातीची गाय आणि तिचे वासरू मांडून पूजा होते. ही पूजा नुसत्या गायीची नसते, सवत्स धेनूची असते. वासरू शेजारी नसेल तर पूजा अपुरी. त्या दिवशी व्रत करणारी बाई गायीचे दूध, ताक, तूप तोंडात घेत नाही. निदान वर्षातून एक दिवस तरी वासराचे दूध वासराला मिळावे, असा सरळ अर्थ माझ्यासारखा गुरांचा डॉक्टर त्यातून काढतो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या वासराच्या पोटात काय जाते आणि त्याचे पुढे काय होते, त्याची ही हकीकत.

मी पशुसंवर्धन खात्यात चौतीस वर्षे नोकरी केली. खेड्यात असताना एक मागणी वारंवार कानी यायची : "डॉक्टरसाहेब, वासरू काय अंग धरंना. एखादं ताकदीचं इंजेक्शन टोचा की!" निवृत्त होऊन शहरात फ्लॅटमध्ये राहायला आलो, तर इथे प्रश्न बरोबर उलटा. जिन्यात भेटणाऱ्या वहिनी विचारतात, "काका, हल्ली म्हणे जनावरांना हार्मोनची इंजेक्शनं देऊन वाढवतात. मग मुलांना दूध द्यायचं की नाही?" एकाला हार्मोन हवे आहे, दुसरीला त्याची धास्ती आहे. समज मात्र दोघांचा एकच, की बाहेरून काहीतरी टोचले म्हणजे वाढ होते. हा समज कितपत खरा हे ठरवायचे, तर आधी वासरू वाढते कसे ते पाहिले पाहिजे.

आधी हाड, मग मांस, शेवटी चरबी

नुकते जन्मलेले वासरू नीट न्याहाळून पाहा. पाय लांबच लांब, डोके मोठे, आणि मागचा भाग म्हणजे नुसता सांगाडा. तासा-दोन तासांत ते धडपडत उभे राहते आणि आईच्या कासेला लागते; कारण पायांची हाडे आईच्या पोटातच बरीचशी वाढून झालेली असतात. इंग्लंडात केंब्रिज येथे जॉन हॅमंड नावाचे एक थोर पशुशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या वाढीचा क्रम मांडून दाखवला. पहिला मान मेंदूचा आणि मज्जातंतूंचा, नंतर हाडांचा, मग मांसाचा, आणि सर्वांत शेवटी चरबीचा. रक्तातून येणारे अन्न जणू या क्रमाने पंक्तीला वाढले जाते. अन्न मुबलक असले तर सगळ्यांची पाने भरतात. टंचाई पडली की शेवटची पंगत आधी उपाशी उठते. मेंदू आणि हाडे मात्र आपला घास सहजासहजी सोडत नाहीत. उपासमारीत वाढलेले वासरू डोक्याने मोठे, पायाने उंच आणि मागून चिमटलेले दिसते ते यामुळे.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात १९५० नंतरच्या दशकात होल्स्टीन जातीच्या कालवडींवर एक लांबलचक प्रयोग झाला. एका गटाला शिफारशीइतका खुराक, दुसऱ्याला जवळजवळ दीडपट, तर तिसऱ्याला सुमारे साठ टक्केच. भरपूर खाणाऱ्या कालवडी नवव्या महिन्याच्या सुमारास पहिल्यांदा माजावर आल्या, मधल्या गटातल्या अकराव्या महिन्याच्या सुमारास, आणि अर्धपोटी राहिलेल्या सोळा महिने उलटून गेल्यावर. वय निरनिराळे, पण त्या वेळचे वजन तिन्ही गटांत जवळपास सारखे! कालवड वयात येते ती पंचांग पाहून नव्हे, वजन पाहून. आपल्याकडच्या देशी गायी बहुधा चार वर्षांच्या आसपास पहिल्यांदा वितात. त्यात जातीचा भाग आहेच. पण गव्हाणीचा भागही थोडाथोडका नाही.

म्हणून कोंबून खाऊ घालावे, असे मात्र नाही. टेनेसी विद्यापीठातल्या स्वॉन्सन यांनी १९६० साली हुबेहूब जुळ्या कालवडींच्या जोड्या घेऊन एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडीतल्या एकीला बेताचा खुराक दिला, दुसरीला अंगावर चरबी चढेपर्यंत चारले. व्याल्यावर पाहतात तो, गुटगुटीत बहिणीने पहिल्या वेतात दूध कमी दिले! कास भरून यायच्या दिवसांत तिथे दुधाच्या ग्रंथींऐवजी मेद साठला होता. बाळसे आणि वाढ या दोन गोष्टी वेगळ्या, हे आपल्या आज्या जाणून होत्या. शास्त्राने त्याला पुरावा दिला इतकेच.

खरवस आणि चोवीस तास

वाढीचा पाया पडतो तो पहिल्या चोवीस तासांत, आणि इथे शहरातल्या वाचकांचा या विषयाशी थेट संबंध येतो. माणसाच्या मुलाला आईच्या पोटात असतानाच वारेतून रोगांशी लढणारी द्रव्ये मिळालेली असतात. गायीच्या वारेची घडण निराळी. तिच्यातून ही द्रव्ये पलीकडे जात नाहीत. वासरू जगात येते ते अगदी निःशस्त्र. त्याची शस्त्रे आईच्या चिकात ठेवलेली असतात. ही मोठमोठी द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेण्याची सोय वासराच्या आतड्यात असते खरी, पण ती फार थोडा वेळ. पहिल्या सहा तासांनंतर ते दार भराभर मिटू लागते आणि चोवीस तासांत बंद होते. तेवढ्यात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या वासराला तीन लिटर, आणि त्यातला निम्मा तरी पहिल्या दोन-तीन तासांत.

आता आपला खरवस आठवा! वेलदोड्याचा वास, वर जायफळ, सुरी घातली की थरथरणारी वडी. मलाही तो अतिशय आवडतो. चांगली दुभती गाय पहिल्या दोन-तीन दिवसांत वासराच्या गरजेहून पुष्कळ जास्त चीक देते, तेव्हा खरवस खाणे हे काही पाप नव्हे. पण मौज अशी, की ज्या पहिल्या धारेच्या घट्ट पिवळ्या चिकाचा खरवस सर्वांत उत्तम होतो, तोच वासराच्याही सर्वांत उपयोगाचा. आधी वाटी-वाटी आळीत वाटून उरलेला वासराला पाजला, तर गोठ्यातल्या पहिल्याच साथीत ते हगवणीने आडवे होते. त्यात काही गावांतून अशी समजूत, की गायीची वार पडेपर्यंत वासराला पाजू नये. वार पडायला आठ-दहा तास लागले, म्हणजे तोवर दार निम्मेअधिक मिटलेले. अशा वासरांवर मी पुष्कळ औषधे खर्च केली आहेत. चिकाची जागा एकानेही घेतली नाही.

पुढचा टप्पा पोटाचा. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात हे शाळेत आपण शिकलो. पण वासराचा पहिला कप्पा, म्हणजे रवंथाचे मोठे पोट, जन्मतः लहान आणि कच्चा असतो. दूध एका पन्हळीतून त्याला वळसा घालून पुढे शेवटच्या कप्प्यात उतरते. हा पहिला कप्पा पिकतो तो दुधाने नव्हे, दाण्याने. भरडलेले धान्य तिथे आंबते, जंतू त्याची आम्ले करतात, आणि त्या आम्लांच्या जोरावर पोटाच्या गुळगुळीत भिंतीला मखमलीसारखे तंतू फुटतात. या तंतूंनीच पुढे जन्मभर अन्नरस शोषायचा असतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून वासरापुढे मूठभर भरडा ठेवायचा आणि ते रोज किलोभर खाऊ लागले की, साधारण दोन-अडीच महिन्यांनी, दूध तोडायचे. याउलट दूध लवकर तोडून पुढ्यात नुसता कडबा टाकला, तर माठासारखे पोट आणि काटकुळे अंग असे ध्यान तयार होते. त्याच्याकडे बोट दाखवून मालक म्हणतो, "खातंय तर मरणाचं, पण अंगी लागत नाही!"

एम्स गावची गोळी

आता थोडे साता समुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत गोमांस हे घरोघरचे अन्न आहे. आपल्याला ते रुचो न रुचो, जनावराची वाढ बाहेरच्या हार्मोनने वाढवण्याचा उद्योग मोठा झाला तो तिथेच, तेव्हा त्याची खरी माहिती तिथेच मिळायची. तिथली जनावरे मक्यावर पोटभर जगत होती. पोटभर खाणारे जनावर आणखी लवकर कसे वाढेल, हा तिथला प्रश्न होता.

१९३८ साली इंग्लंडात चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. नाव जिभेला जड, म्हणून सगळे त्याला डीईएस म्हणत. स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या हार्मोनसारखे ते काम करी, स्वस्त होते आणि तोंडावाटे दिले तरी चाले. अमेरिकेत १९४७ पासून त्याची गोळी कोंबड्यांच्या मानेत घालू लागले. पुढे पर्ड्यू विद्यापीठात कालवडींच्या कातडीखाली गोळ्या बसवून पाहिल्या. वाढ वेगाने झाली. १९५४ साली आयोवा राज्यातल्या एम्स गावी, तिथल्या कृषी महाविद्यालयात, वाइज बरोज यांनी त्याहून सोपी युक्ती जाहीर केली : रोजच्या खुराकातच दहा मिलिग्रॅम डीईएस मिसळायचे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सरकारने परवानगी दिली, आणि थोड्याच वर्षांत मक्यावर पोसल्या जाणाऱ्या बहुसंख्य जनावरांना डीईएस मिळू लागले.

माझी मुलगी नोकरीनिमित्त त्याच भागात राहते. २०१६ साली तिच्याकडे चार महिने होतो. म्हाताऱ्या बापाला देखावे दाखवून ती कंटाळली, तेव्हा मी म्हटले, मला एखादा गोठा दाखव. तिच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही गेलो. शेकडो खच्ची केलेले गोऱ्हे, एकेक जण लोखंडी खोड्यात येत होता. एक तरुण मुलगा प्रत्येकाचा कान धरी, मागच्या बाजूने कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये जाड सुई सरकवी, आणि पिस्तुलासारख्या यंत्राचा चाप ओढी. गोळ्यांची छोटी रांग आत बसे. कानच का? कारण कत्तलीनंतर कान फेकून दिला जातो. गोळीचा उरलेला अंश खाण्यात येत नाही. अर्थात ती डीईएसची गोळी नव्हती. ते प्रकरण केव्हाच संपले आहे. कसे, ते पुढे सांगतो. हिच्यात १२० मिलिग्रॅम ट्रेनबोलोन आणि २४ मिलिग्रॅम इस्ट्राडायॉल होते.

मी त्या शेतकऱ्याला विचारले, "ही गोळी किती किलो वजन देते?"

तो हसून म्हणाला, "गोळी काही देत नाही, डॉक्टर. देतो तो मका. मका संपला की गोळीही संपली."

मुनीम आणि सावकार

त्याचे म्हणणे हिशेबाने पटवून घेऊ. चांगल्या खुराकावरचा गोऱ्हा दिवसाला १.४ किलो वाढतो असे धरा. गोळीने वाढीचा वेग साधारण दहा ते वीस टक्क्यांनी सुधारतो. म्हणजे दिवसाला सुमारे २०० ग्रॅम अधिक. चार महिन्यांत २४ किलो झाले. आणि गोळी केवढी? औषध सगळे मिळून १४४ मिलिग्रॅम. तापावर आपण घेतो त्या ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. एवढ्याशा चिमटीतून २४ किलो निघणार कुठून? ते निघाले गव्हाणीतून. हार्मोन हा पेढीवरचा मुनीम आहे, भांडवल सावकाराचे. आलेले पैसे कोणत्या खात्याला वळवायचे एवढेच तो ठरवतो.

इस्ट्रोजेनच्या इशाऱ्याने मेंदूतळाची पियुषिका ग्रंथी वाढीचे हार्मोन अधिक सोडते, त्याबरोबर यकृत आणि स्नायू इन्सुलिनसारखे एक वाढद्रव्य तयार करतात, आणि स्नायूंच्या तंतूंना चिकटून असलेल्या राखीव पेशी कामाला लागतात. ट्रेनबोलोन हे पुरुषी हार्मोनच्या जातीचे. ते मांसाची झीज कमी करते. परिणाम असा, की जो घास चरबीच्या खात्यात जायचा तो मांसाच्या खात्यात जमा होतो. खच्ची केलेल्या गोऱ्ह्याचा स्वतःचा हार्मोनचा झरा आपणच बंद केलेला असतो; गोळी तो काही अंशी भरून काढते.

पण पेढीत भांडवलच नसेल, तर मुनीम काय करील? निकृष्ट गवतावर जेमतेम तग धरून असलेल्या वासराला गोळी घातली, तर फरक जवळजवळ दिसत नाही. उलट गोळी घातलेल्या जनावराला प्रथिने अधिक लागतात, कारण मांस बांधायला वीट प्रथिनांचीच. आणि मुनिमाच्या मनमानीलाही किंमत असते. मांसातली चरबीची जाळी कमी होऊन त्याची प्रत उतरते. गोऱ्हे एकमेकांवर चढू लागतात. पैदाशीसाठी ठेवायच्या वळूच्या कानात गोळी घातली तर त्याच्या वृषणांची वाढ खुंटते. जन्मल्याबरोबर कालवडीला गोळी घातली, तर पुढे तिच्या गाभण राहण्यात अडचण येऊ शकते. ज्या जनावराला पुढचे आयुष्य आहे, त्याच्या बाबतीत घाईचा हा सौदा महाग पडतो.

डीईएसचे काय झाले?

जे औषध गुरांना, तेच त्या काळात गर्भवती स्त्रियांनाही. १९४० नंतरच्या वर्षांत गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत डीईएस मोठ्या प्रमाणावर दिले जाई. त्याचा गुण येत नाही, हे शिकागो विद्यापीठातल्या चाचणीने १९५३ सालीच दाखवले होते. तरी देणे थांबले नाही. १९७१ साली बोस्टनच्या हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योनिमार्गाच्या एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण मुली नोंदवल्या. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस घेतले होते. औषध आईने घेतले आणि फळ वीस वर्षांनी मुलीला मिळाले! साऱ्या जगाला हादरा बसला.

आता न्यायाने बोलायचे तर त्या आयांनी घेतलेले डोस फार मोठे होते. मांसात सापडणारा अंश त्याच्यापुढे नगण्य होता. पण अमेरिकेत १९५८ पासून एक कायदा होता, की जे द्रव्य कर्करोग घडवते ते अन्नात मिसळूच नये. कोंबड्यांमधली गोळी १९५९ सालीच थांबली होती. गुरांचे प्रकरण मात्र लांबले. १९७२ साली चाऱ्यातल्या आणि १९७३ साली कानातल्या डीईएसवर बंदी आली. उत्पादक न्यायालयात गेले आणि बंदी उठली. शेवटी १९७९ साली ती कायमची झाली. तरी पुढच्याच वर्षी असे उघडकीस आले, की बंदी मोडून चार लाखांहून अधिक जनावरांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. लोभ सुटायला कायद्याहून अधिक वेळ लागतो.

डीईएस गेले, तरी कानातली गोळी गेली नाही. तिच्यातले द्रव्य बदलले. नैसर्गिक इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन यांची जोडगोळी १९५६ पासून होतीच. बुरशी लागलेला मका खाऊन डुकरिणींची योनी सुजते, या शेतकऱ्यांच्या जुन्या तक्रारीचा माग काढताना पर्ड्यू विद्यापीठात १९६२ साली त्या बुरशीतून एक इस्ट्रोजेनसारखे द्रव्य निघाले. त्यापासून झेरानॉलची गोळी झाली, तिला १९६९ साली परवानगी मिळाली. ट्रेनबोलोन १९८७ साली आले.

यावर जगाचे एकमत नाही. १९८० साली इटलीत लहान मुलांच्या डबाबंद अन्नातल्या वासराच्या मांसात डीईएसचा अंश सापडला आणि युरोपभर संतापाची लाट उसळली. युरोपीय देशांनी वाढीसाठी हार्मोन वापरणे टप्प्याटप्प्याने बंद केले आणि १९८९ पासून तसे मांस बाहेरून घेणेही थांबवले. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने १९८८ साली मत दिले होते, की नियमाने वापरल्यास नैसर्गिक हार्मोनच्या अंशापासून धोका नाही. युरोपच्या समितीने १९९९ साली उलट सांगितले, की इस्ट्राडायॉल हे कर्करोगाला कारण होऊ शकते आणि त्याची निर्धोक मात्रा ठरवता येत नाही. मधल्या काळात, १९९८ साली, जागतिक व्यापार संघटनेने युरोपची बंदी पुरेशा शास्त्रीय तपासणीवर आधारलेली नाही असा निकाल दिला. युरोपने दंडाची जकात सोसली, पण बंदी सोडली नाही. आजही अमेरिकेत गोळी चालते, युरोपात चालत नाही.

वहिनींना उत्तर

मग आपल्या दुधाचे काय? कानातल्या या गोळ्या मांसासाठी पोसायच्या जनावरांच्या आहेत. अमेरिकेतसुद्धा दुभत्या गायीला त्या घालत नाहीत, आणि आपल्याकडे त्या वापरण्याची रीतच नाही. आपल्या तबेल्यांतून ज्या इंजेक्शनची चर्चा होते, ते ऑक्सिटोसिन. त्याचा वाढीशी संबंध नाही. ते पान्हा सोडायला लावते. ते प्रथिनांच्या जातीचे, रक्तात काही मिनिटेच टिकणारे, आणि चुकून पोटात गेले तरी पचून जाणारे. मुलाच्या पेल्यापेक्षा त्याचा जाच म्हशीला अधिक होतो. दूध काढण्यासाठी अपायकारक इंजेक्शन टोचणे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच ठरवले आहे.

पण त्या इंजेक्शनची गरज पडते केव्हा, हे विचारा. म्हशीला पान्हा फुटतो तो रेडकाच्या ढुशीने. रेडकू नर असले, की त्याला दूध पाजणे म्हणजे नुकसान. ते अर्धपोटी राहते आणि मरते. रेडकू गेले की म्हैस दूध चोरते. मग सुई येते. त्या सुईची सुरुवातही उपाशी वासरापासूनच होते.

त्याबद्दल गवळ्याला नुसत्या शिव्या देऊन भागणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या एका गावी एक विधवा बाई होती. दोन संकरित गायी, पंधरा दिवसांच्या अंतराने व्यालेल्या. एकीला कालवड, दुसरीला गोऱ्हा. दोन्ही वासरे खंगत चालली होती. मला बोलावले ते इंजेक्शनसाठी. मी वासरे तपासली, जंताचे औषध दिले आणि म्हटले, "ताई, रोज तीन-तीन लिटर पाजा. दुसरं औषध नाही."

ती म्हणाली, "डॉक्टर, तीन लिटरांवर माझ्या पोरीची फी भागते. वासराला पाजू का पोरीला शिकवू?"

या प्रश्नाला पशुवैद्यकाच्या पुस्तकात उत्तर नाही. तिच्या ओसरीवर बसून आम्ही हिशेब मांडला. कालवडीला दूध तोडेपर्यंत साधारण दीडशे लिटर लागणार, आणि नंतर भरडा. ते दिले तर ती अडीच वर्षांत विईल. नाही दिले तर साडेतीन-चार वर्षे नुसती खात उभी राहील. म्हणजे आजचे दीडशे लिटर वाचवून पुढचे हजार-दोन हजार लिटरांचे अख्खे वेत बुडवायचे. हिशेब तिला लगेच कळला. ती माझ्यापेक्षा हुशार होती. पण फी त्याच महिन्यात भरायची होती, आणि वेत अडीच वर्षांनी. शेवटी तिने कालवडीला पाजायचे ठरवले. दोघांना पाजणे तिला परवडणारे नव्हते. गोऱ्हा महिन्याच्या आत गेला. कालवड तिसाव्या महिन्यात व्याली, आणि त्या वेळी चीक आधी वासराला पाजून मगच बाईने माझ्याकडे खरवसाचा डबा पाठवला. पोरीची फी त्या वर्षी दोन हप्त्यांत गेली. हेडमास्तरांना मी भेटून आलो होतो.

तेव्हा इंजेक्शन मागणाऱ्या मालकाला आणि इंजेक्शनला भिणाऱ्या वहिनींना माझे उत्तर एकच आहे. जगातल्या कोणत्याही गोळीने उपाशी वासरू वाढवलेले नाही. आणि जिथे वासरू पोटभर प्यालेले असते, तिथे पान्ह्यासाठी सुईची वाट पाहावी लागत नाही. शहरात बसून आपण दूधवाल्याला लिटरचा भाव विचारतो, दूध पातळ का म्हणून भांडतो. एकदा त्याच्या गोठ्यावर जाऊन यावे. वासरे कुठे बांधली आहेत ते पाहावे, त्यांच्या पुढ्यात भरडा आहे का पाहावा, त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा. बरगड्या हाताला लागल्या, तर दुधाविषयी अधिक काही विचारायचे कारण नाही. आणि वासरे टुणटुणीत असतील, तर त्या गोठ्यातल्या दुधाला चार पैसे जास्त मोजायला मन खट्टू करू नये. ते चार पैसे गव्हाणीतच जातात.